कार्ड बदलू का? खोडदच्या दुर्बिणीने तीनदा सोडवलेला प्रश्न

दिवाळीच्या आधी भोसरीहून एका ज्युनिअरचा फोन आला. "दादा, माझ्या गेमिंग पीसीत जीटीएक्स १६६० सुपर आहे, सहा जीबीचं. पुढच्या वर्षी पीएचडीला लागायचंय. प्रोजेक्टचं मॉडेल एकदा शिकवायला अख्खी रात्र जाते. बाबा म्हणतायत, बोनस आला की तीस हजार देतो. नवीन कार्ड घेऊ का?"

तिचे बाबा चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर आहेत. तीस हजार म्हणजे त्यांच्या घरात वर्षातून एकदाच हातात येणारी रक्कम. त्यामुळे 'घे' किंवा 'नको' असं पटकन सांगून मोकळं होणं मला जमेना. मी तिला एक गोष्ट सांगितली. संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो, म्हणून तीच इथे सविस्तर लिहितोय.

गोष्ट तिच्या घरासमोरच्याच रस्त्यावरची आहे. पुणे–नाशिक महामार्गाने भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला पोचायचं आणि तिथून आत खोडदला वळायचं. तिथे जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. 'ग्राफिक्स कार्ड घ्यायचं का, कधी आणि कशासाठी' हा प्रश्न तिथल्या लोकांनीही सोडवलाय. फक्त त्यांचा पीसी २५ किलोमीटरवर पसरलेल्या तीस अँटेनांना जोडलेला होता!

खेळातून प्रयोगशाळेत

आधी थोडं कार्डाबद्दल. १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं, ते गेम खेळणाऱ्यांसाठी. स्क्रीनवर लाखो पिक्सेल असतात आणि एका पिक्सेलचा रंग काढताना शेजारच्या पिक्सेलचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागत नाही. म्हणून या चिपमध्ये एक हुशार कामगार ठेवण्याऐवजी साधे, पण भरपूर कामगार ठेवले.

एकमेकांवर न अडणारी गणितं विज्ञानातही ढीगभर असतात. सुरुवातीला संशोधक आपली गणितं चित्राच्या वेषात कार्डाला द्यायचे आणि उत्तर 'रंग' म्हणून वाचायचे. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या ब्रूक या भाषेने हा वेषांतराचा खटाटोप कमी केला. २००६ च्या शेवटी १२८ कोअरचं जीफोर्स ८८०० जीटीएक्स आलं आणि २००७ मध्ये कूडा आलं. तेव्हापासून साध्या सी भाषेच्या वळणाने कार्डावर प्रोग्रॅम लिहिता येऊ लागला.

पुण्याला ही 'भरपूर छोटे कामगार' कल्पना नवी नव्हती. १९८८ मध्ये इथे सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला, तोही ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून.

२०१२ ची एक घटना तुम्ही कुठेतरी वाचली असेल. अॅलेक्सनेट हे चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकवलं गेलं. ही गेमिंगचीच कार्डं. दोन का लागली? एका कार्डाच्या तीन जीबीत नेटवर्क मावत नव्हतं म्हणून. तिथे पहिली अडचण वेगाची नव्हती, जागेची होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खोडदला नेमकं काय मोजतात?

गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी, साधारण एक किलोमीटरच्या चौकात, आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर. नुसत्या तीस अँटेनांनी चित्र तयार होत नाही. प्रत्येक अँटेनाचा सिग्नल दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलशी गुणून बेरीज करत राहावी लागते. तीस अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. हे काम करणाऱ्या यंत्रणेला कोरिलेटर म्हणतात.

एका जोडीचं गणित दुसऱ्या जोडीवर अवलंबून नाही. एका फ्रिक्वेन्सीचं दुसरीवर नाही. पिक्सेलसारखीच गत. म्हणजे कोरिलेटर हे ग्राफिक्स कार्डासाठी अगदी आदर्श काम आहे. पण म्हणून खोडदला पहिल्याच फटक्यात कार्डं आली का? नाही.

पहिली यंत्रणा: पक्क्या तारांची

दुर्बीण २००२ च्या सुमारास जगभरातल्या खगोलशास्त्रज्ञांसाठी खुली झाली, तेव्हा कोरिलेटर खास चिपांवर बांधलेला होता. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहता यायचा. काम चोख, पण स्वभाव हट्टी. गणिताची पद्धत थोडी बदलायची म्हटली, तर हार्डवेअरलाच हात घालायला लागायचा.

दुसरी यंत्रणा: साधे पीसी

२०१० मध्ये नव्या सॉफ्टवेअर बॅकएंडवरचा शोधनिबंध आला. बाजारात मिळणारी, सिग्नलचे आकडे करणारी कार्डं आणि लिनक्सवर चालणाऱ्या ४८ पीसींचा क्लस्टर, एवढंच सामान. पट्टा किती? ३३ मेगाहर्ट्झ. म्हणजे जवळपास होता तेवढाच.

इथे जरा थांबा. एवढी मोठी अपग्रेड आणि मुख्य आकडा जागच्या जागी! मग मिळालं काय? लवचिकता. वेळेचं आणि फ्रिक्वेन्सीचं बारकावं किती ठेवायचं, हे आता प्रोग्रॅममधून ठरवता येऊ लागलं. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट गाळण्याच्या नव्या युक्त्या घालता येऊ लागल्या. त्या वेळी त्यांचं काम वेगापेक्षा बदल करता न येण्यामुळे अडत होतं आणि त्यांनी तीच अडचण सोडवली. शिवाय कोड किती घासूनपुसून लिहिला, तर कॅशेचा नीट वापर, अनेक थ्रेड, व्हेक्टर सूचना. हातात असलेल्या लोखंडातून निघेल तेवढं काढून घेतलं.

तिसरी यंत्रणा: आता कार्डं आली

मग लक्ष्य बदललं. ३२ ऐवजी ४०० मेगाहर्ट्झ पाहायचे. पट्टा साडेबारा पट झाला, तर संवेदनशीलता त्याच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे कागदावर सुमारे साडेतीन पट. तेवढीच वाढ जुन्या पट्ट्यावर मिळवायची, तर एकाच आकाशाकडे साडेबारा पट वेळ बघत बसायला लागलं असतं.

आता त्रैराशिक मांडा. ३३ मेगाहर्ट्झला ४८ पीसी, तर ४०० ला जवळजवळ ५८०. शिवाय ४०० मेगाहर्ट्झसाठी प्रत्येक सिग्नलचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. तीस अँटेना, प्रत्येकीचे दोन ध्रुवीकरणांचे दोन सिग्नल, म्हणजे सेकंदाला ४८०० कोटी नमुने. एका नमुन्याला एक बाइट धरली तरी सेकंदाला ४८ जीबी! आणि तेही न थांबता, कारण आकाशाला 'जरा थांब, हार्ड डिस्क वाचतेय' असं सांगता येत नाही.

इथे ग्राफिक्स कार्डाची खरी गरज निर्माण झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत कामाची वाटणी अशी आहे: सिग्नलचे आकडे करणं आणि त्यांची पाकिटं बांधणं हे रोच नावाच्या १६ एफपीजीए बोर्डांकडे, आणि फूरिये रूपांतर व गुणाकार-बेरीज हे १६ सर्व्हरमधल्या ग्राफिक्स कार्डांकडे, प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन. कार्डं टेस्ला के२० आणि के४०. नाव भारदस्त असलं तरी आतली चिप त्याच घराण्यातली, जी पुढे गेमिंगच्या जीटीएक्स टायटनमध्येही होती. आणि आकडे एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोचवायला साध्या गिगाबिट केबलऐवजी इन्फिनीबँड.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट या यादीच्या बाहेर आहे. कार्डं ही साखळीतली शेवटची कडी होती. त्याआधी अँटेनांवरचे फीड आणि अॅम्प्लिफायर बदलावे लागले, कारण जुने एवढा रुंद पट्टा पकडतच नव्हते. तीस महाकाय तबकड्या मात्र तशाच ठेवल्या, कारण काम त्यांच्यापाशी अडत नव्हतं. फीड न बदलता नुसती कार्डं आणली असती, तर रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असं झालं असतं.

या अपग्रेडचं फळ २०२३ च्या जूनमध्ये दिसलं. पल्सारच्या ठोक्यांवरून गुरुत्वीय लहरींचा मंद, सततचा गुंजारव शोधणाऱ्या युरोपीय गटाच्या निष्कर्षांत भारतीय गटाने खोडदचा डेटा दिला होता. रुंद पट्टा आणि कमी फ्रिक्वेन्सी असल्यामुळे, तारकांमधल्या वायूने त्या ठोक्यांना लावलेला उशीर अचूक वजा करता येतो. पुढे २६ सप्टेंबर २०२४ ला ज्या तीन परम रुद्र महासंगणकांचं उद्घाटन झालं, त्यातला पुण्याचा एक याच दुर्बिणीच्या कामासाठी, वेगवान रेडिओ स्फोट शोधण्यासाठी आहे. म्हणजे अपग्रेड अजून संपलेली नाही. दर वेळी प्रश्न मात्र नवा असतो.

मग तुमच्या पीसीचं काय?

खोडदच्या तिन्ही यंत्रणांमधून मी एकच गोष्ट शिकलो: आधी काम कुठे अडतंय ते मोजायचं, मग तेवढंच बदलायचं. घरच्या पीसीसाठी त्याचा अर्थ असा.

१. मॉडेल शिकत असताना एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड दुसऱ्या खिडकीत चालू ठेवा. कार्डाचा वापर सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तरच कार्ड कामाने दमलंय. तीस-चाळीसवर घुटमळत असेल, तर ते डेटाची वाट बघतंय. नवीन कार्ड आणलंत तर ते जास्त वेगाने वाट बघेल!

२. 'मेमरी संपली' असा एरर येतो का? मग तुमची अडचण अॅलेक्सनेटची आहे. आधी बॅच लहान करा, अर्ध्या अचूकतेचे आकडे वापरून बघा. तरीही मावत नसेल, तर कार्ड निवडताना वेगाआधी मेमरी बघा. आरटीएक्स ३०६० टीआय हे गेममध्ये ३०६० पेक्षा वेगवान आहे, पण त्यात आठ जीबी आहेत आणि साध्या ३०६० च्या मूळ आवृत्तीत बारा. गेमर पहिलं घेईल, आणि तुमचं मॉडेल दहा जीबीचं असेल तर तुम्ही दुसरं.

३. तुमच्या गणिताला किती अचूकता लागते? गेमिंग कार्डं दुहेरी अचूकतेच्या गणितात मुद्दाम मंद ठेवलेली असतात. आरटीएक्स ३००० मालिकेत तो वेग एकेरीच्या ६४ वा भाग आहे. न्यूरल नेटवर्कला फरक पडत नाही. क्वांटम रसायनशास्त्राचं काम असेल, तर पैसे वाया जातील.

४. वापरलेलं कार्ड स्वस्तात मिळतंय? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं जुन्या बाजारात आली. घेण्याआधी तासभर पूर्ण भारावर चालवून तापमान बघा. पॉवर सप्लायही तपासा. १६६० सुपर १२५ वॉटचं आहे, ३०६० हे १७० वॉटचं.

५. आणि ज्या लॅबमध्ये जाणार आहात, तिथे काय आहे ते आधी विचारा. राष्ट्रीय महासंगणन अभियानातून अनेक संस्थांना यंत्रं मिळाली आहेत. पुण्यातच आयसरला परम ब्रह्म आहे. एक ईमेल लिहायला पैसे पडत नाहीत.

तर शेवटी काय झालं?

तिला मी फक्त पहिली पायरी करायला सांगितली. रात्री स्क्रीनशॉट आला. वापर २७ टक्के. सूक्ष्मदर्शकाचे भलेमोठे फोटो जुन्या हार्ड डिस्कवर होते आणि प्रत्येक फेरीला ते नव्याने उघडून कापले जात होते. तिने फोटो एकदाच कापून ठेवले आणि ते एका छोट्या एसएसडीवर हलवले. चाळीस मिनिटांची फेरी अकरा मिनिटांवर आली. कार्ड तेच.

तिने हे घरी सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "यात नवीन काय? आमच्याकडे पण लाइन हळू झाली की आधी स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक स्टेशनला उभे राहतात. सगळ्यात हळू स्टेशन सापडल्याशिवाय मशिनची ऑर्डर देत नाहीत."

मला जे सांगायला संपूर्ण लेख लागला, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. बोनसमधले उरलेले पैसे तिने बाजूला ठेवलेत. पुढे मोठं मॉडेल लागलं आणि सहा जीबीत खरोखर मावलं नाही, तर ती कार्ड घेईल, आणि तेव्हा ते का घेतलंय हेही तिला माहीत असेल.

तुम्हीही आज रात्री एकदा मोजून बघा. आणि फेब्रुवारीच्या शेवटी, विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं, तेव्हा जमलं तर जाऊन या. चाकणचा ट्रॅफिक धरून सकाळी लवकर निघा!