बर्फावरील गस्त

पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा स्कीइंगचा खेळ १९३० नंतर अमेरिकेंत झपाट्यानें फैलावला. उतार वाढले, खेळाडू वाढले. परंतु पडलेल्याला खालीं आणावयाचें कोणीं, याचा विचार फारच थोड्या ठिकाणीं झालेला होता.

१९३६ च्या आरंभीं व्हर्माँट संस्थानांतील मॅन्सफील्ड पर्वतावर चार्ल्स मायनट डोल नांवाचा एक विमा-दलाल पावसानें चिकट झालेल्या बर्फांत पडला व त्याचा घोटा मोडला. दुसऱ्यांच्या अपघातांचा हिशेब ठेवणें हाच त्याचा धंदा. पण स्वतःच्या अपघाताची सोय त्या पर्वतावर कोठेंच नव्हती. शेवटीं मित्र फ्रँक एडसन व इतर मंडळी यांनीं छपराचा पत्रा पैदा केला आणि त्यावर निजवून त्याला खालीं आणलें. मोडक्या हाडानें तो प्रवास कसा झाला असेल, हें सांगावयास नको.

दोनच महिन्यांनीं तोच एडसन एका शर्यतींत झाडावर आदळून मरण पावला. या दुसऱ्या घावानंतर डोलला स्वस्थ बसवेना. न्यूयॉर्कच्या हौशी स्की-मंडळानें अपघातांच्या चौकशीसाठीं समिति नेमली व तिचें अध्यक्षपद त्याच्याकडे आलें. समितीनें खेळाडूंकडून माहिती मागविली, तेव्हां सहानुभूतीबरोबर उपहासही पदरीं पडला. सुरक्षिततेची भाषा बोलणारे भित्रे आणि रंगाचा बेरंग करणारे, असें कांहीं पट्टीच्या खेळाडूंचें मत होतें. धाडस व बेफिकिरी यांतील सीमा न ओळखणारे लोक सर्वच देशांत असतात; अमेरिकेला त्यासाठीं वेगळा दोष देण्याचें कारण नाहीं.

मार्च १९३८ मध्यें मॅन्सफील्डच्या पायथ्याशीं, स्टो येथें, राष्ट्रीय शर्यती झाल्या. तेथील गस्तीचें काम पाहून राष्ट्रीय स्की-संघाचे अध्यक्ष रॉजर लँग्ले यांनीं अशीच व्यवस्था देशभर उभारण्याचें काम डोलवर सोंपविलें. ‘नॅशनल स्की पॅट्रोल’चा जन्म तो हा. दुसऱ्या महायुद्धांत पर्वतीय पलटणींसाठीं माणसें निवडण्याचें कामही याच नागरी संस्थेनें केलें. प्रत्येक उमेदवाराला तीन शिफारसपत्रें आणावीं लागत.

गस्तीची रीत साधी आहे. जखमीच्या वरच्या बाजूस दोन स्की फुलीसारख्या रोवावयाच्या, म्हणजे वरून वेगानें येणारा सावध होतो. एकानें जखमीजवळ थांबावयाचें, दुसऱ्यानें गस्तीला नेमकी जागा कळवावयाची. जखमीला उठवून उभें करण्याची घाई करावयाची नाहीं. बूटही काढावयाचा नाहीं, कारण मोडलेल्या घोट्याला त्याचाच आधार असतो. अंगावर मिळेल तें पांघरूण घालावयाचें, कारण थंडी जखमेइतकीच घातक ठरते. मग गस्तवाले बिनचाकी घसरगाडी घेऊन येतात. एक पुढें दांडे धरतो, अवघड उतारावर दुसरा मागें दोर आवरतो.

संध्याकाळीं उतार बंद झाल्यावर हेच लोक सर्वांच्या शेवटीं, वाटावाटांनीं हाका देत खालीं येतात. मागें कोणी राहिलेलें नाहीं अशी खात्री होईपर्यंत त्यांची पाळी संपत नाहीं.