चिनी रेशमावरचे सोनेरी भरतकाम

चिनी भरतकामातला सोन्याचा धागा बहुधा सोन्याच्या तारेचा नसतो. सोन्याचा वर्ख कागदावर चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या कापतात आणि रेशमी दोऱ्याभोवती पिळतात. आपल्याकडच्या कलाबतूचाच हा भाऊबंद. असा धागा कापडातून वारंवार ओढला तर वर्ख उडतो. म्हणून तो वरच ठेवून, बहुतेक वेळा जोडीने, बारीक रेशमी टाक्यांनी जागोजाग बांधतात. बांधायचा दोरा तांबडा घेतला की सोने उबदार दिसते, हिरवा घेतला की थंड. कारागिराची खरी हुशारी या न दिसणाऱ्या दोऱ्यात असते.

शान्शी प्रांतातल्या फामेन मंदिराचे तळघर इ. स. 874 मध्ये बंद झाले आणि 1987 मध्ये उघडले. तिथे थांग काळातली सोन्याच्या धाग्याने भरलेली छोटी वस्त्रे मिळाली. पुढे या कामाला दरबारी शिस्त लागली. मिंग राजवटीने 1391 मध्ये अधिकाऱ्यांच्या झग्यांवर दर्जादर्शक चौकोन ठरवून दिले: मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना पशू. छिंग काळात पाच नखांचा सोनेरी ड्रॅगन मुख्यतः बादशहा व त्याच्या निकटच्या परिवारापुरता राखीव होता, निदान नियमात तरी.

दक्षिणेत ग्वांगडोंगमधल्या चाओचौच्या कारागिरांनी सोन्याखाली कापूस भरून ड्रॅगनचे अंग उठावदार केले. नाटकांचे पोशाख आणि देवळांचे पडदे हे त्यांचे मोठे काम. 1912 मध्ये छिंग राजवट गेली, दरबारी मागणी संपली. रंगभूमी, लग्नाचे कपडे आणि देवळे यांनी ही कला चालू ठेवली.