मुठीचं माप

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या कित्येक घरांत म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडंच उरतात. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायला ऊसतोडीला गेलेला असतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घर आजीच्या हातांवर चालतं.

ते हात थकू लागल्याचं आधी चुलीपाशी कळतं. ज्वारीचं पीठ तळहाताने रेटून मळावं लागतं. जोर कमी पडला की थापताना भाकरी कडेने चिरते. मग आजी भाकरी लहान करते, पुढे दोन्ही वेळचं एकदाच थापून ठेवते. कुणी विचारलंच तर म्हणते, “वय झालं आता.” ताप नाही, खोकला नाही, मग दवाखान्यात काय म्हणून जायचं?

वयाबरोबर अंगातलं बळ कसं बदलतं, हे मोजायची इच्छा अठराव्या शतकातली. ब्युफाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाला वेगवेगळ्या वयांतली आणि प्रकृतींतली ताकद ताडून बघायची होती. त्यासाठीचं यंत्र एडमे रेन्ये या कारागिराने बनवलं आणि 1798 मध्ये त्याची माहिती छापली. पोलादाची एक लंबगोल कमान; ती मुठीत आवळली की तबकडीवरचा काटा सरकायचा.

पण यंत्र भलत्याच वाटेला लागलं. 1800 मध्ये ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या फ्रेंच मोहिमेत फ्रांस्वा पेराँने ते सोबत नेलं, तिथल्या आदिवासींच्या मुठी मोजल्या आणि युरोपीय माणूस सरस असल्याचा निष्कर्ष काढला. ब्युफाँचा प्रश्न म्हाताऱ्या माणसाच्या कामाचा होता. तो असा वंशाच्या तुलनेत वाया गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या प्रश्नाला दोनशे वर्षांनी वाली मिळाला. 2001 मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी जराजन्य दुर्बलतेच्या पाच खुणा ठरवल्या: आपोआप घटणारं वजन, सततचा थकवा, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल आणि सैल पडलेली मूठ. यातल्या तीन दिसल्या की माणूस दुर्बल. एक-दोन दिसल्या तर त्या वाटेवर. अशा शरीराची गंगाजळी संपलेली असते. धडधाकट माणूस आठवड्यात उठेल अशा तापात दुर्बल माणूस महिनाभर झोपून राहतो, झोपल्याने स्नायू आणखी झिजतात आणि पहिल्यांदा उठताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडलं की पुष्कळांचं पुन्हा स्वतःच्या पायांवर चालणं होत नाही. अशा घरात नातवंडांकडे कोण बघणार?

आपल्याकडे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 च्या देशव्यापी पाहणीत 45 वर्षांपुढच्या माणसांच्या मुठी आणि चाल मोजली. आशियाई तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरवलेली रेघ अशी: पुरुषाची पकड 28 किलोंखाली आणि बाईची 18 किलोंखाली गेली, तर ती कमजोर. पकड मोजायचं यंत्र पिशवीत मावतं, रक्त काढावं लागत नाही. माझं म्हणणं आहे, बीडसारख्या जिल्ह्यात रक्तदाबाबरोबर मूठही मोजली जावी, आणि तीही कोयते बाहेर पडायच्या आधी.

कारण गेलेलं बळ काही अंशी परत येतं. 1990 मध्ये मारिया फियाटारोनी यांनी बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून मांड्यांचा वजनी व्यायाम करवून घेतला. आठ आठवडे पुरे करणाऱ्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली.

तिथे यंत्रं होती. इथे बाज आहे. पाय जमिनीवर रोवून बाजेच्या कडेला बसायचं, हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं हवं. आणि भाकरीबरोबर पातळ कोरड्यासाऐवजी घट्ट वरण, शेंगदाण्याचा कूट, चालत असेल तर अंडं. नातवंडांना वाढून उरेल ते नव्हे. आजीचं ताट आधी वाढायचं.