वादाचा शेवट

वाद आपण कशासाठी घालतो? बहुतेक वेळा जिंकण्यासाठी. समोरचा गप्प झाला की आपले खरे ठरले, असे आपल्याला वाटते. अशा वेळी मला पैठणचे एकनाथ महाराज आठवतात.

नाथांचा काळ १५३३ ते १५९९, म्हणजे निजामशाहीचा. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सरकारी चाकरीत होते. हिंदू-मुसलमानांचा रोजचा संबंध होता, तशी कुरबुरही असणार. ती नाथांनी 'हिंदु-तुर्क संवाद' या भारुडात मांडली आहे.

तुर्क म्हणतो, तुम्ही दगडाला देव मानता आणि माणसाचा विटाळ धरता. हिंदू विचारतो, देव सर्वत्र आहे, तर तोंड पश्चिमेकडेच का? जीव मारून पुण्य कसे लागते? कोणी कोणाची भीड ठेवत नाही.

मी कॉलेजात असताना हे भारूड प्रथम वाचले. तुर्काला बसलेले टोले मला झोंबले आणि हिंदूला बसलेले वाचून बरे वाटले. त्या बरे वाटण्याची आज लाज वाटते. एक गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात आली नव्हती. ब्राह्मण घरात जन्मलेल्या नाथांनी तुर्काचे आक्षेप जराही बोथट केलेले नाहीत. त्याच्या तोंडी त्याची दखनी बोलीही दिली आहे. समोरच्याचे नीट ऐकल्याशिवाय हे साधत नाही.

त्याच काळात, १५७५मध्ये, अकबराने फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना बांधला. पुढे तिथे हिंदू, जैन, पारशी आले. १५८०मध्ये गोव्याहून ख्रिस्ती पाद्री आले. हेतू थोर होता. पण सुरुवातीलाच मौलवींमध्ये बसायच्या जागेवरून तंटे झाले. बादशहा समोर होता, त्याच्यापुढे सरशी हवी होती.

नाथांच्या भारुडात निवाडा करणारा कोणी नाही. म्हणून दोघांनाच शेवट शोधावा लागतो. ते एकमेकांना नमस्कार करतात, गळ्यात पडतात. हिंदू हिंदूच राहतो, तुर्क तुर्कच. मनातला राग तेवढा जातो.

आता वादाला बसलो की मी आधी समोरच्याचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगतो आणि विचारतो, "तुम्हाला हेच म्हणायचे आहे ना?" तो 'हो' म्हणाला, की मगच माझे बोलणे सुरू करतो.