बावीस श्रुतींची पेटी

९ जून १८४० रोजी लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये फ्रान्झ लिस्ट पियानोला बसला आणि एका माणसाच्या, एका वाद्याच्या मैफिलीचा पायंडा पडला. पुढे १८८५-८६ मध्ये आंतोन रुबिनस्टाइननं सात मैफिलींची ‘ऐतिहासिक’ मालिका केली. विल्यम बर्डपासून बाख, बेथोव्हन, शोपँ यांच्यामार्गे ती थेट त्याच्या काळातल्या रशियन रचनांपर्यंत आली. तीन शतकं एकाच पियानोवर मावली, कारण त्याच्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. कोणतीही पट्टी ‘सा’ मानली तरी चालतं.

लिस्टच्या त्या मैफिलीच्या सुमारासच पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँनं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. हे पायानं भाता मारायचं वाद्य भारतात आलं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून वाजवता येईल असं, हातभात्याचं केलं. किर्लोस्करांच्या पाठोपाठ संगीत नाटक बहरलं, तशी पेटी नाटक मंडळींबरोबर गावोगाव फिरली आणि भजनातही शिरली. वाळवा तालुक्यातल्या आष्ट्यासारख्या गावी भजनाला बसलेल्यांसमोर आज जे वाद्य असतं, त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पियानोच्याच घराण्यातल्या.

अडचण नेमकी तिथंच होती. उत्तम जुळवलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप एक गंधार ऐकू येतो. पेटीचा शुद्ध गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. फरक दिसायला किरकोळ, पण ज्या भागात मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवत आले, तिथल्या कानांना तो खुपणारच.

यावर उपाय शोधला तो सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी. हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. मिरजेचं नाव ज्यांच्याशी कायमचं जोडलं गेलं, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांना त्यांनी गायला लावलं, तारेच्या लांबीवरून त्यांचे स्वर मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांवरचं, इंग्रजी पुस्तक काढलं. आय.सी.एस. अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स या कामात त्यांचे भागीदार झाले. दोघांच्या गणितावरून लंडनच्या मूर कंपनीनं ‘श्रुती हार्मोनियम’ घडवली.

१९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी मंडळींसमोर आली. तिचे स्वर गायकांना पटले नाहीत, संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनाही हे गणित मान्य नव्हतं. एकाच रागातला एकच स्वर चढताना एक आणि उतरताना दुसरा लागतो. पट्टी मात्र एकदा बसवली की बसवली. बावीस सूर भरूनही प्रश्न शिल्लकच राहिला.

साध्या पेटीवरचा रोष मात्र वाढत गेला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिला दार बंद केलं. १९७१ मध्ये बंदी सैल झाली, तीही निवडक कलाकारांच्या साथीपुरती. एकल वादनाला परवानगी नव्हतीच.

पण वादकांनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी साथीच्या पेटीला स्वतंत्र मैफिलीचं वाद्य केलं. बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर आणि पी. मधुकर यांनी ती वाट रुंद केली. एक हात भात्यावर अडकलेला, म्हणजे पियानोवादकाची निम्मी संपत्ती आधीच गेलेली. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पेटीवर निघत नाही, म्हणून शेजारच्या पट्टीला निसटता कण द्यायचा, भात्याचा दाब कमी-जास्त करून स्वर फुलवायचा. एकाच बैठकीत ख्याल, ठुमरी, नाट्यपद आणि शेवटी भैरवी असे वेगवेगळ्या काळांचे थर मांडायचे. रुबिनस्टाइनच्या मालिकेचं हे देशी भावंड, फक्त सतरंजीवर बसलेलं.

देवलांची मोजमापं अभ्यासकांच्या चर्चेत राहिली, त्यांची पेटी मैफिलीत रुजली नाही. जो दोष त्यांना लाकूड-पितळेत दुरुस्त करायचा होता, तो वादकांनी बोटांनी झाकला. पी. मधुकर यांचे शिष्य, गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ती बारा स्वरांच्या साध्या पेटीवरच.