उसाच्या वाटेवरची कॅराव्हॅन

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याने, गाडीमागे कॅराव्हॅन जोडून निघालेलं निवृत्त जोडपं म्हणजे मोकळ्या भटकंतीचं चित्र, असं मानतात. मला ती भटकंती तितकीशी मोकळी वाटत नाही. तिची वाट उसाने कधीच आखून ठेवली आहे. ब्रिस्बेन ते केर्न्स हा सुमारे १,७०० किलोमीटरचा ब्रूस हायवे मकाय, एअर, इनिसफेल अशी साखरेची गावं धरत जातो, आणि मुक्काम पडतात तेही याच गावांत. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२,००० मजूर इथे आणले गेले, कित्येक तर फसवून किंवा पळवून. रान तोडून उसाची शेतं उभी राहिली ती बरीचशी त्यांच्याच हातांनी.

कोणी म्हणेल, मोटार आली, पेन्शन आली, म्हणून ही हौस फोफावली; उसाचा काय संबंध? पण मोटारीला पूल लागतो, आणि तोही उसाच्याच मुलखात. एअरजवळ बर्डेकिन नदीवरचा उंच पूल १९५७ साली खुला झाला. त्याआधी पूर आला की वाट बंद. राहिलं हवामान. जूनच्या सुमारास, कोरड्या दिवसांत, पाहुणे उत्तरेला सरकतात आणि नेमका तेव्हाच तिथला गळीत हंगाम सुरू होतो. (आपल्याकडे त्यासाठी दिवाळीच्या आसपासची वाट पाहावी लागते.) रस्त्यावर तांबडे दिवे लुकलुकू लागतात, कॅराव्हॅन थांबते, आणि दोन फुटी रुळांवरून उसाने भरलेले जाळीचे डबे खडखडत कारखान्याकडे जातात.