नकाशा कोणाच्या मालकीचा?

पलूसजवळचं किर्लोस्करवाडी स्टेशन एकेकाळी ‘कुंडल रोड’ होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या तिथल्या माळावर कारखाना हलवला, वस्ती झाली आणि पुढे स्टेशनचं नावही बदललं. आता प्रश्न असा, की ‘इथे किर्लोस्करवाडी नावाचं स्टेशन आहे’ ह्या माहितीचा मालक कोण?

कोणीच नाही! वस्तुस्थितीवर कॉपीराइट नसतो. पण ती दाखवणारा नकाशा काढला, की त्या नकाशावर असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तर नकाशा चक्क चित्र-शिल्पांच्या पंगतीत, ‘कलाकृती’ म्हणून बसलाय. थोडक्यात काय, तर स्टेशन सगळ्यांचं, पण दुसऱ्याचा नकाशा समोर ठेवून गिरवायचा नाही.

ह्याच अडचणीतून २००४ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. तिथला सरकारी डेटा महाग, म्हणून लोक जीपीएस घेऊन स्वतःच गल्लोगल्ली फिरले. परवाना ठेवला क्रिएटिव्ह कॉमन्सचा: वापरा, पण श्रेय द्या आणि सुधारणा त्याच अटींवर परत वाटा.

झकास! पण पायातच भेग होती. हा परवाना उभा कॉपीराइटवर, आणि नुसत्या वस्तुस्थितीला तर कॉपीराइटच नाही. अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात हे सांगितलं होतं. आपल्या सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात म्हटलं, की नुसता घाम गाळून भागत नाही, थोडी तरी सर्जनशीलता हवी. युरोपात डेटाबेससाठी १९९६ पासून वेगळा हक्क आहे. आपल्याकडे तसा नाही. म्हणजे उद्या एखाद्या कंपनीने हजारो लोकांनी गोळा केलेले रस्ते उचलून बंद पेटीत ठेवले, तर अडवायचं कशाच्या जोरावर?

म्हणून ओडीबीएल हा नवा परवाना आला. तो कॉपीराइट, डेटाबेस-हक्क आणि करार अशा तिन्ही पायांवर उभा आहे. पण जुना बदलायचा कसा? प्रत्येकाचा तुकडा त्याच्या मालकीचा. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला सह्या गोळा करण्यासारखंच की हे! २०१० पासून नव्या सभासदांना अटी मान्य करायला लावल्या, २०११ मध्ये जुन्यांना विचारलं. जे ‘नाही’ म्हणाले किंवा गप्प राहिले, त्यांचं काम जुलै २०१२ मध्ये नकाशातून काढून टाकलं. १२ सप्टेंबर २०१२ ला नवा परवाना लागू झाला.

मला सगळ्यात आवडतं ते ह्या अटींमधलं एक कलम. तुम्ही तुमच्या माहितीचे हक्क कायमचे वापरायला देता, पण फाउंडेशनचेही हात बांधलेले आहेत. डेटा द्यायचा तो खुल्याच परवान्याखाली. अटींत नावं घेतलेल्या परवान्यांपलीकडचा परवाना आणायचा असेल, तर फाउंडेशनच्या सभासदांचं मतदान हवं, शिवाय सक्रिय योगदानकर्त्यांचं दोन-तृतीयांश बहुमत. सक्रिय म्हणजे मागच्या १२ महिन्यांतल्या कुठल्याही ३ महिन्यांत काम केलेला माणूस.

गुगलच्या मॅप मेकरमध्येही २००८ पासून आपल्याकडच्या अनेकांनी हौसेने रस्ते भरले. २०१७ मध्ये ते बंद झालं. भरलेले रस्ते गुगलच्या नकाशात राहिले, पण तो नकाशा खुल्या परवान्याखाली कधीच मिळाला नाही. (अटी वाचून ‘आय ॲग्री’ दाबणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही!)

आता हे सगळं पलूसला कशाला? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुरात ह्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. कुठला रस्ता आधी पाण्याखाली जातो, कुठली वाट शेवटपर्यंत चालू राहते, हे गावातल्या माणसाला तोंडपाठ असतं. बाहेरून मदतीला येणाऱ्याला नसतं. ती माहिती कोणी नकाशात भरली, तर पुढच्या पुरात ती कुणालाही, कुणाची परवानगी न मागता उतरवून घेता आली पाहिजे.

तेव्हा नकाशात भर जरूर घाला. फक्त त्याआधी दहा मिनिटं काढून अटी वाचा.